स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

मामा आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अकोल्याच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे मुनीम होते. मामांनीही पुढे जिनिंग-प्रेसिंगमध्येच हिशेब लिहिले. माझे वडील दर्यापूर तालुक्यातल्या खारपाण पट्ट्यातले कास्तकार, आणि मी अमरावतीत अर्थशास्त्र शिकवलं. म्हणजे कापूस विकणारं घर आणि त्या विक्रीचा हिशेब लिहिणारं घर, दोन्ही आमच्या नात्यातच. दुसरं महायुद्ध संपल्यापासून महाराष्ट्र राज्य होईपर्यंतची पंधरा वर्षं हा आमचा कायमचा वाद. मामांना तो काळ स्वस्ताईचा वाटतो. ती स्वस्ताई कोणाच्या जिवावर होती, असं मी विचारत आले आहे. नातवानं अमेरिकेतल्या १९५० सालच्या भावांची यादी मामांना वाचून दाखवली आणि वाद पुन्हा पेटला. तो जसा झाला तसा इथे देते. मामांची बोली तशीच ठेवली आहे.

मामा : पोरगा सांगे, तिकडं तीन सेंटात चिठ्ठी जाय, चौदा-पंधरा सेंटात डबलरोटी मिळे. म्या म्हनलं, त्यात काय मोठं? अकोल्यात चार आण्यात पिक्चर व्हता. पुढच्या बाकावर बसून पाह्यला, पडद्याच्या अगदी नाकासमोर. ‘श्यामची आई’ आली तवा बाया घरची भाकर बांधून खेड्याहून बंडीनं आल्या व्हत्या.

मी : चार आणे कोणाचे, मामा? १९५०-५१ साली सरकारनं पहिल्यांदा देशभरच्या शेतमजुरांची पाहणी केली. पुरुषाची दिवसाची मजुरी सरासरी साडेसतरा आणे निघाली आणि बाईची अकरा आण्यांच्याही आत. म्हणजे निंदण करणाऱ्या बाईनं पुढच्या बाकावर बसायचं म्हटलं, तर दिवसाच्या मजुरीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा गेला. त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतन तासाला ७५ सेंट झालं. तिथल्या कामगाराच्या एका तासात सिनेमाचं तिकीट निघायचं आणि वर सुटे पैसे उरायचे. तिकडच्या आणि इकडच्या भावांच्या याद्या शेजारी ठेवून काही कळत नाही. भावाशेजारी मजुरी ठेवा.

मामा : मजूर बाई पिक्चरच्या भरवशावर नोहती वं. गावात दंडार व्हती, खडी गंमत व्हती, भजनं व्हती. गुरुकुंजाहून तुकडोजी महाराज येत, खंजिरीवर थाप पडली की मैदान भरे. गाडगेबाबाच्या कीर्तनाले तं तिकीटच नाई. सावकार अन् त्याचा कर्जदार एकाच बैठकीवर बसत, अन् बाबा दोघायदेखत सांगे, कर्ज काढून सण करू नका, लेकरं शाळेत घाला. तुह्या त्या अमेरिकेत ७५ सेंट देऊन असं काही भेटत व्हतं काय?

मी : नव्हतं. हे मी मनापासून मान्य करते. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ बाबा गेले, तेव्हा अमरावतीत लोटलेल्या माणसांना कोणी वर्तमानपत्रातून बोलावलं नव्हतं. पण फुकट कीर्तन होतं म्हणून ज्वारी स्वस्त होती, असं होत नाही. ज्वारीचं बोला.

मामा : ज्वारीचं सांगतो ना. लढाई संपली, पन कंट्रोल संपला नाई. कंट्रोलच्या दुकानात लाल-पिवळी ज्वारी, खड्यामातीची. कापडाचं तं इचारू नको. मांजरपाट आला म्हनलं की अख्खी गल्ली धावे. माह्या मायनं एका लुगड्याची दोन करून दिवस काढले, अन् आमी मुनिमाच्या घरचे! मंग १९४७ च्या डिसेंबरात गांधीजीच्या आग्रहानं धान्यावरचा कंट्रोल उठला. माहे बाबा पेढे घेऊन आले व्हते.

मी : आणि पुढच्या वर्षी?

मामा : पुढच्या वर्षी भाव चढले. कापडाचाही कंट्रोल जानेवारीत काढला व्हता, तं व्यापाऱ्यायनं गठ्ठे दाबून ठेवले. वर्ष संपायच्या आत कापड अन् धान्य दोन्हीवर कंट्रोल परत. खोटं काऊन बोलू, अकोल्यातही माल दाबला गेला. कोनी दाबला थे मले मालूम हाये, सांगनार नाई.

मी : नेमकं हेच अमेरिकेत दोन वर्षं आधी झालं होतं. तिथे युद्धात भाव बांधणारं एक सरकारी खातं होतं. त्याची मुदत ३० जून १९४६ ला संपली आणि जुलैत किराणा आणि मटणाचे भाव असे उसळले की बायकांनी दुकानांवर बहिष्कार घातले. मग कायदा पुन्हा आणला, तर शेतकऱ्यांनी जनावरं बाजारात आणायचीच थांबवली. ऑक्टोबरात खाटकांची दुकानं रिकामी पडली. शेवटी राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं मटणावरचं नियंत्रण काढलं आणि नोव्हेंबरात जवळजवळ सगळंच काढून टाकलं. या सगळ्या गोंधळात त्याचा पक्ष निवडणूक हरला. न्यूयॉर्कच्या गृहिणीचा आणि आजीचा राग एकाच जातीचा होता.

मामा : मंग फरक कुठं हाये?

मी : पिकवणाऱ्याकडे बघा, तिथे फरक दिसतो. पण आधी मला कापसाच्या भावाची ती तार सांगा.

तारेचा विषय काढला की मामांचा आवाज बदलतो. अकोल्याचा कापूस बाजार त्यांनी मुलाच्या उंचीवरून पाहिला आहे, आणि इतकं बारीक सांगणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

मामा : दिवाळीनंतर पहाटेपासून बंड्या लागत. तट्ट्यायच्या आत कापूस दाबून भरलेला, वर कास्तकार घोंगडं पांघरून बसलेला. आठ-दहा कोसावरून रातभर चालत आलेले बैल. अडत्या बंडीत कोपरापर्यंत हात घाले. वरचा कापूस सगळ्यायचाच पांढरा रायते, खालचा पाहाव लागते. मूठभर काढून बोटायनं धागा ओढे, सरकी दाताखाली फोडून पाहे. कच्ची सरकी दबते, पक्की कटकन फुटते. ओल असली तं तिथंच कळे. अन् हे सगळं झालं तरी सौदा होत नसे. कारन तार आली नसे. मुंबईची तार आली, का मंग भाव फुटे. अन् मुंबई कोनाकडं पाहे? न्यूयॉर्ककडं. बाबा घरी येऊन आईले सांगे, आज न्यूयॉर्क उतरलं. आईनं न्यूयॉर्क कुठं हाये थे कधी इचारलं नाई, पन उतरलं म्हनल्यावर तेल जपून घाले.

मी : मुनिमाच्या चुलीपर्यंत न्यूयॉर्क पोचलं होतं, आणि बंडीवरच्या कास्तकाराला मात्र त्यातलं काही कळत नव्हतं.

मामा : कळत नोहतं कसं? बाजार समितीच्या फळीवर भाव लिहिला जाय. आपल्या वऱ्हाडानं देशाले बाजार समिती शिकवली. १८८६ ले कारंज्याले पहिला कायद्याचा कापूस बाजार झाला, अन् १८९७ चा कायदाच वऱ्हाडचा. मुंबई-पुन्याकडं थे नंतर गेलं.

मी : त्याचा मलाही अभिमान आहे. पण आकड्याचंही सांगा.

मामा : सांगतो. न्यूयॉर्कच्या कापसाचा बाजार उघडे तवाचा भाव अन् बंद होये तवाचा भाव, त्याच्या शेवटच्या आकड्यावर लोक पैसे लावत. मुंबईत सुरू झालं अन् वऱ्हाडात यायले वेळ लागला नाई. ज्यानं जन्मात कापूस पेरला नाई, थोही ‘ओपन काय, क्लोज काय’ करे. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कवाल्यायनं ते आकडे पाठवनं बंद केलं, तं मुंबईवाल्यायनं मडक्यातून चिठ्ठ्या काढनं सुरू केलं. त्याचाच मटका झाला. किती घरं बसली त्याच्यात! आमच्या गल्लीतला एक शिंपी यंत्र विकून बसला. त्याच्या बायकोनं मंग जिनात सरकी वेचून लेकरं वाढवली.

मी : आता त्या तारेचं दुसरं टोक. तार निघायची त्या देशात कापूस पिकवणाऱ्याला युद्धानंतर सरकारची हमी होती. बाजारभाव ठरावीक पातळीखाली गेला, तर कापूस सरकारी गोदामात ठेवायचा आणि हमीच्या दरानं कर्ज उचलायचं. भाव वर आला तर कर्ज फेडून माल सोडवायचा, नाही आला तर माल सरकारचा आणि पैसा शेतकऱ्याचा. आपल्याकडे त्याच वर्षांत कापसाला कमाल भाव लावला. किमान भावही होता कागदावर, पण टाच यायची ती कमाल भावाची. तिकडच्या सरकारनं भावाला खालून टेकू दिला, इकडच्या सरकारनं वरून झाकण ठेवलं. ते झाकण साठच्या दशकापर्यंत निघालं नाही. तुमची स्वस्ताई ही त्या झाकणाची आहे, मामा. आमच्या बाबांच्या बंडीतून निघाली ती.

मामा : थांब, थांब. झाकन कायले ठेवलं थे पाह्य आदी. फाळनी झाली. लांब धाग्याचा कापूस पिकवनारा सिंध-पंजाब गेला पाकिस्तानात, अन् गिरन्या रायल्या मुंबई-अहमदाबादले. कापूसच नाई तं कापड कुठून? कापसाले मोकळं सोडलं असतं तं मांजरपाट काय भावानं गेला असता? अन् थो मांजरपाट कोन नेसे? कापूस वेचनारी बाईच ना? तुह्या बाबाले दोन रुपये जास्त भेटले असते, पन तिच्या अंगावरचं गेलं असतं.

मी : तिच्या अंगावर तसंही नव्हतं. कापडाचे गठ्ठे दाबले गेले, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. झाकण कापसावर घट्ट बसलं आणि कापडावर सैल, कारण कापूस लाखो बंड्यांतून उघड्यावर येतो आणि कापड दहा-वीस गोदामांत लपतं. १९५० च्या जूनमध्ये कोरियात लढाई पेटली तेव्हाचं आठवा. जगभर कापूस कडाडला. अमेरिकेनं स्वतःच्या गिरण्यांसाठी निर्यातीवर मर्यादा घातली. ज्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाला बांधलेला भाव देत होत्या, त्याच परदेशी गाठीला जागतिक भाव मोजत होत्या, तोही महाग झालेल्या डॉलरात. १९४९ च्या सप्टेंबरात रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. सव्वातीन-साडेतीन रुपयांच्या मध्ये मिळणारा डॉलर पावणेपाचच्या घरात गेला होता.

मामा : थो लांब धाग्याचा व्हता. आपला गावरानी आखूड. दोघायले एक भाव कसा भेटंन?

मी : एक भाव कोण मागतंय? जगात भाव चढला तर त्यातला वाटा वऱ्हाडात यायला हवा होता, एवढंच.

मामा : अन् १९५१ ले अमेरिकेनं सोताच्या कापसावर कमाल भाव लावलाच ना? बाबा बोलत व्हते, न्यूयॉर्कचा बाजारच काही दिवस बंद रायला.

मी : लावला, मार्च १९५१ मध्ये. पौंडाला ४५.७६ सेंट. पण तो हमीच्या भावाच्या कितीतरी वर होता. खाली आधार ठेवून वर मर्यादा घालणं वेगळं, मामा.

इथे मामांनी चहा मागवला. मला वाटलं मुद्दा मान्य झाला. पण त्यांनी असा प्रश्न टाकला की त्याच्या उत्तराला मला वेळ लागला.

मामा : तुह्या त्या टेक्याच्या देशात कापूस वेचे कोन?

मी : मिसिसिपीत, अलाबामात बहुतेक काळे लोक. बटईदार आणि मजूर.

मामा : त्यायले भेटला टेका?

मी : नाही. कर्ज जमीनमालकाला मिळायचं. किमान वेतनाच्या ७५ सेंटांतही शेतमजूर धरलेला नव्हता. आणि युद्ध संपताच कापूस वेचायची यंत्रं आली. १९४४ च्या ऑक्टोबरात मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ एका मळ्यावर ती हजारो लोकांसमोर चालवून दाखवली होती. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत वेचणारे लाखो लोक शिकागो-डेट्रॉइटच्या गाड्या धरून निघून गेले. हमीभावाच्या पैशातूनच मालकांनी यंत्रं घेतली, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

मामा : मंग सांग. आपल्या इकडं वेचाई बायायच्या हातीच रायली. दसऱ्यानंतर सकाळी ओटीत कापूस भरत जाय, संध्याकाळी मापून मजुरी घे. कमी व्हती, पन व्हती.

मी : ती मजुरी आणखी कमी झाली, मामा. १९५६-५७ साली सरकारनं शेतमजुरांची दुसरी पाहणी केली. पुरुषाची सरासरी मजुरी १०९ पैशांवरून ९६ पैशांवर आली होती आणि बाईची ६८ वरून ५९ वर. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात! पण तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. भावाला आधार दिला की तो आपोआप वेचणाऱ्या हातापर्यंत पोचतो, हे अमेरिकेतही खरं ठरलं नाही. आपल्याकडे सालदाराला आणि वेचणारीला त्यातलं काय मिळालं असतं, ते छातीठोकपणे मला सांगता येत नाही. एवढं मात्र नक्की, की कास्तकाराच्या हातात काही नसेल तर तो मजुराला कुठून देणार?

मामा : देनारा देते, न देनारा कितीही आलं तरी देत नाई. माह्या हिशेबाच्या वह्यायत दोन्ही पाह्यले मी.

पैशाचाच विषय होता म्हणून मी नव्या पैशाकडे वळले. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आमच्या पिढीला तो एक सरकारी बदल वाटतो. मामा तेव्हा विशीत होते आणि दुकानांचे हिशेब लिहीत होते.

मामा : चार आण्याचे पंचवीस, थे सरळ. पन एका आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कुठून आनावा? सरकारनं तक्ता देल्ला : एक आना म्हंजे सहा, दोन म्हंजे बारा, तीन म्हंजे एकोनीस. बाई आन्याचं जिरं मागे. दुकानदार म्हने, सात पैसे दे, सव्वासहाचे सहा घेतले तं मी बुडलो. तीच बाई दिवसातून तीनदा एकेक आन्याचं नेई. मीठ, जिरं, घासलेट. तीनदा सात म्हंजे एकवीस. एकदम तीन आन्याचं नेलं असतं तं एकोनीस. पन एकदम न्यायले तिच्याकडं तीन आने असत कवा? संध्याकाळच्या मजुरीतून सकाळचं भागे. मले थे दिसे अन् मी लिहून घेत जाय. माह्या मालकाच्या दुकानात मी सहाच घ्यायले लावले, त्याच्यावरून माहं अन् मालकाचं बोलनं झालं व्हतं.

मी : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

मामा : तू कधी इचारलं? तू सदा कमिशन अन् कायदेच इचारते. शेर जाऊन किलो आला तवाही तसंच. शेर म्हंजे ९३३ ग्रॅम. लोकायले वाटे किलो म्हंजे शेरच. एक शेराचा भाव अन् एक किलोचा भाव यातले ६७ ग्रॅम कोनाकडं गेले, ह्याचा हिशेब कोन केला?

मी : म्हणजे स्वस्ताईच्या काळातही गरीबाला वस्तू महागच पडत होती. हे तर माझंच म्हणणं झालं.

मामा : तुहं म्हननं सरकारनं लुटलं. माहं म्हननं, सरकार दूर व्हतं, लुटनारा गल्लीत व्हता. अन् गल्लीतच वाचवनाराही व्हता.

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. मामा व्यापाऱ्याकडे जन्मभर राहिले, तरी व्यापाऱ्याची बाजू त्यांनी कधी आंधळेपणानं घेतली नाही. बातम्यांच्या बाबतीतही त्यांचा भर गल्लीवरच.

मामा : पेपर एक येई, वाचनारे पन्नास. नागपूरचा ‘तरुण भारत’, माडखोलकरायचा. अन् अकोल्याचा आपला ‘मातृभूमी’, ब्रिजलाल बियानीयचा. एकजन मोठ्यानं वाचे, बाकीचे मधीच भांडत. वेगळा विदर्भ का मुंबईसंगं, त्याच्यावर किती भांडनं! १९४७ ले अकोला करार झाला थो आमच्याच गावात. फाजल अली कमिशननं १९५५ ले विदर्भ वेगळा करा म्हनलं, अन् १९५६ च्या नोव्हेंबरात गेलो द्विभाषिक मुंबईत. रेडिओ एखाद्याच घरी, पोस्टातून लायसन काढून. १९४८ च्या जुलैत नागपूर स्टेशन सुरू झालं. पन गांधीजी गेले तवा नागपूर नोहतं, दिल्लीचीच बातमी आली. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर माणसायले उभं रायले जागा नोहती. पुढं सरकारनं पिक्चरचे गाने बंद केले, तं बुधवारी रातच्याले सिलोन लावून बिनाका ऐकत. थे गाने ओट्यावरचे सगळेच ऐकत. अमेरिकेत प्रत्येकाच्या घरात टीव्ही आला, अन् दार बंद झालं.

मी : १९५० साली तिथे दहात एका घरातही टीव्ही नव्हता, १९६० पर्यंत दहातल्या जवळजवळ नऊ घरांत आला, हे खरं. ओट्यावरचं ते एकत्र ऐकणं मोलाचं होतं, यातही शंका नाही. पण ओट्यावर बाया किती होत्या, मामा?

मामा : (जरा थांबून) दाराआड.

मी : आणि त्या वाचनात कापसाच्या कमाल भावावर भांडण होत होतं का?

मामा : कमी. राज्य कोनतं यावर जास्त. भाव म्हंजे तार. थे देवाच्या हातचं वाटे.

मी : त्या काळातली मला सर्वांत लागणारी गोष्ट हीच आहे. पंजाबराव देशमुख आपल्या पापळ गावचे. दहा वर्षं दिल्लीत कृषिमंत्री. त्यांनी भारत कृषक समाज काढला, १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आला, अमेरिकेच्या दालनाचं उद्घाटन केलं. त्या दालनाचं नावच ‘अमेरिकी मेळा’. भारतातल्या शेतकऱ्याला जग दाखवायचं ही पंजाबरावांची तळमळ होती. पण त्या प्रदर्शनाला सहा महिने व्हायच्या आत, ४ मे १९६० ला, अन्नमंत्री स. का. पाटलांनी वॉशिंग्टनला सही केली : चार वर्षांत एक कोटी ६० लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली. त्याआधी १९५६ चा करार होता. त्यात गहू-तांदळाबरोबर कापूसही होता, मामा. टेकू देऊन देऊन अमेरिकेच्या गोदामात जे साठलं, ते इथे आलं आणि इथल्या शेतकऱ्याच्या भावावर आणखी एक झाकण बसलं.

मामा : अन् बसलं म्हनून लोक जगले. तू थो गहू खाल्ला नाई. वऱ्हाडात गव्हाची पोळी सनालेच व्हत जाय, रोजची भाकर ज्वारीचीच. कंट्रोलच्या दुकानात अमेरिकेचा गहू आला तवा जिनातल्या हमालाच्या घरी पहिल्यांदा रोज पोळी दिसली. कास्तकाराचा भाव भाव करतेस, हमालाचं पोट धर हिशेबात. त्याच्याकडं ना वावर, ना बंडी. त्याले ज्वारी स्वस्त पायजेच.

मी : धरते. हमालाला स्वस्त धान्य मिळायलाच हवं. पण फरकाचा पैसा सरकारनं तिजोरीतून द्यावा, कास्तकाराच्या भावातून कापून नव्हे. तिजोरीत तेव्हा नव्हता म्हणाल, तर गिरण्यांचा नफा होता, त्यावर कर होता. निवड झाली होती, आणि ती निवड खारपाण पट्ट्याच्या अंगावर टाकली गेली, कारण तिथल्या माणसाला तारेचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आणि ही जुनी गोष्ट नाही. २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी कधी असते?

मामा : दसरा-दिवाळीपासून.

मी : नेमक्या त्याच दिवसांत. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये जाहीर होता. पण ओलावा बारा टक्क्यांवर गेला की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) घेत नाही, आणि अवकाळी पावसात भिजलेला कापूस बारावर जाणारच. मग खेडा खरेदीवाल्याच्या दारात उभं राहायचं.

मामा : अन् अमेरिकेनं आपल्या कपड्यावर ५० टक्के कर बसवला तवा तिरुपूरच्या शिलाईवाल्या पोरींनी काय करायचं? त्यायच्या मालकाले स्वस्त कापूस भेटला नसता तं पोरी घरी बसल्या असत्या.

मी : त्या पोरींचं नुकसान भरून द्यावं, जरूर द्यावं. दर्यापूरच्या कास्तकारानं का भरावं, एवढंच माझं विचारणं आहे. १९५० सालीही हेच होतं.

मामा : बरं. धर, तुह्या म्हनन्यासारखं झालं. तिजोरीतून भरलं, शुल्क परत लावलं, कास्तकाराले पुरा भाव भेटला. वेचनारीले काय?

मी : हमीभाव काढताना खर्चात वेचणीची मजुरी धरतात. धरलेली मजुरी तिच्या हातात पडली की नाही, हे कोणी तपासत नाही. ते तपासायला हवं, गावोगाव, वेचाईच्या दिवसांत.

मामा : तपासनारा कोन? तलाठी?

मी : ग्रामसभा.

मामा : ग्रामसभेत वेचनाऱ्या बाया बोलतीन त्या दिवशी मले फोन कर. मी येतो हिशेब लिहायले.